साहेबांच्या चार उड्या

एक साहेब होते. त्यांना उडीचे चार इंग्रजी शब्द येत होते. माझा भाऊ सुदाम बांधकामाच्या परांचीवरून पडून मेला, तेव्हा ते चौकशीला आले.

"भिंतीपासून एवढा लांब सापडला," साहेब म्हणाले. "पडला असता तर पायथ्याशीच सापडला असता. उडीच मारली त्याने." मग मला शिकवू लागले. "जंप म्हणजे साधी उडी. हॉप म्हणजे एका पायावरची, लंगडीतली. स्किप म्हणजे पोरी दोरीवर मारतात ती. आणि लीप म्हणजे लांब झेप, मनात ठरवून घेतलेली. मी अहवालात लीप लिहितोय."

आई माझ्या मागेच उभी होती. "म्हणजे माझा लेक मला टाकून आपणहून गेला?" तिने विचारलं.

साहेब लिहीतच राहिले. माझं डोकं फिरलं.

"साहेब, दादा ज्या फळीवर उभा होता, ती मिस्त्रीने परत वर टाकलीय. लीप राहू द्या, तिच्या टोकावर नुसती एक हॉप करून दाखवा."

"वेडा आहेस का?" साहेब ओरडले. "ती बांधलेली कुठे आहे? टोकावर पाय पडला की उलटेल आणि माणसाला भिरकावून देईल!"

"कुठवर?"

साहेबांची नजर वाळूच्या ढिगापलीकडे गेली. दादा तिथेच सापडला होता.

"त्याला इंग्रजीत काय म्हणतात, ते लिहा," मी म्हणालो.

साहेबांनी लीप खोडलं. आई तेव्हा कुठे रडली.

त्याच दुपारी मिस्त्रीने ती फळी काथ्याच्या दोरीने परांचीला बांधली. हातभर दोरी पुरली.