सत्काराच्या शाली

सरपंच भुजंगराव खळदकरांना सत्काराचं भारी वेड. गावात हातपंप बसला तरी शाल-श्रीफळ आधी त्यांनाच लागे. नारळ फोडून खाल्ले जात, शाली मात्र घरच्या कपाटांत कोंबल्या जात.

एका ग्रामसभेत त्यांनी फर्मान काढलं, "येत्या बाजारापासून प्लास्टिक बंद! कापडी पिशवी नसेल त्याला बाजारात पाऊल टाकू देणार नाही."

बायका हादरल्याच. "अहो सरपंच, अख्ख्या गावाच्या पिशव्या शिवायला कापड आणायचं कुठून?"

"ते तुमचं तुम्ही बघा," भुजंगराव मिशीतल्या मिशीत हसले. "गावाला पुरेल एवढं कापड जो काढून दाखवील, त्याचा मी भर बाजारात सत्कार करीन!"

मागे बसलेली त्यांची बायको इंदुमती हे सगळं ऐकत होती.

बाजाराच्या दिवशी भुजंगराव ऐटीत तपासणीला आले आणि जागीच थिजले. जरीच्या काठाच्या पिशवीतून मेथी डोकावत होती. त्यांच्या पन्नाशीच्या सत्काराची मरून रंगाची शाल तर पिशवी होऊन सुकटीने भरली होती. जिकडे बघावं तिकडे त्यांच्याच शाली!

"माझा सन्मान सुकटीत?" ते किंचाळले. "कुणी दिल्या या शाली?"

"मी दिल्या." इंदुमती गर्दीतून पुढे आली. "अहो, कपाटात त्यांना कसर लागली होती. आता बोललात तसा माझा सत्कार करा. नुसत्या नारळावर भागवा, शाल एकही उरलेली नाही."