चौथ्या पायाचा आवाज

जंगल संपून जिथे मोकळा माळ सुरू होतो, तिथे पळसाच्या बनाआड एका जुन्या वारुळाच्या बुडाशी एका चिचुंद्रीचे बीळ होते. मुलांनो, चिचुंद्री तुम्ही पाहिली असेल तर नाक दाबूनच पाहिली असेल. तिच्या अंगाला उग्र वास येतो, डोळे असून नसल्यासारखे, आणि चालायचे तर दगडाच्या कडेकडेने, अंग चोरून. या चिचुंद्रीलाही रानात कोणी फारसे विचारत नसे. पण तिचे कान मात्र असे होते की वाळल्या पानाखालून भुंगेरा चालला, तरी तो कोणत्या दिशेला निघाला आहे हे तिला बिळात बसून कळे.

तिच्या बिळाला लागूनच हरणांची धावशाळा होती. धावशाळा म्हणजे पळसापासून नदीपर्यंतची एक लांब वाट आणि त्या वाटेवर रोज सकाळी धावणारी पाडसे. शिकवण्याची रीत पिढ्यान्‌पिढ्या एकच होती. गुरुजी पुढे धावत आणि पाडसे मागून धावत. गुरुजींची मान जशी, तशी आपली मान ठेवायची. गुरुजींचा पाय जसा पडेल, तसा आपला पाय टाकायचा. गुरुजी सर्वांत पुढे असल्यामुळे मागे कोण कसे धावते हे त्यांनी कधी पाहिले नव्हते. मागे वळून पाहणे गुरुजींना शोभत नाही, असेही सगळ्यांचे ठाम मत होते.

दर वर्षी पळस फुलला की डोंगरापलीकडच्या हरणांशी शर्यत होई. दोन्हीकडची पाच-पाच पाडसे धावत. ज्या कळपाचे पाचवे पाडस आधी नदीला पोहोचेल, तो कळप जिंकला. जिंकेल त्याला उन्हाळाभर नदीकाठचे हिरवे कुरण, आणि हरेल त्याला माळावरचे वाळके गवत. एखाद्या कळपाने सलग चार वर्षे बाजी मारली, तर कुरण कायमचे त्याचे, असाही करार होता. आपल्या धावशाळेने लागोपाठ तीन शर्यती घालवल्या होत्या. गेल्या उन्हाळ्यात तर दोन म्हाताऱ्या हरिणी वाळके गवत चावता चावताच गेल्या. चौथी शर्यत जवळ आली तेव्हा गुरुजी, म्हणजे एक म्हातारा काळवीट, मान खाली घालून म्हणाले, "आता माझ्याच्याने होत नाही. दुसरं कुणी बघा."

झाले. नवे गुरुजी नेमण्यासाठी समिती बसली. अध्यक्ष होता गवा, अंगाने मोठा आणि बोलायला सावकाश. दुसरा सभासद बगळा, पांढराशुभ्र आणि नियमाला पक्का. तिसरा कोल्हा. त्याला रानात आपले नाव चांगले निघावे याची भारी हौस. बगळ्याने पात्रतेची यादी तयारच ठेवली होती. उमेदवाराला शिंगे हवीत, त्याने स्वतः शर्यत जिंकलेली हवी आणि त्याची उडी दोन झुडपे ओलांडणारी हवी. मुलांनो, ही यादी काळविटांनी काळविटांसाठी केलेली होती हे तुमच्या लक्षात आले असेल. समितीच्या मात्र आले नव्हते.

अर्ज दोनच आले. पहिला गुरुजींच्या पुतण्याचा. हा तरुण काळवीट पाडसांत होता तोवर शर्यतीत नेहमी सर्वांच्या आधी नदीला पोहोचे. दुसरा अर्ज कोणाचा हे ऐकून बगळ्याने दोनदा मान वाकडी केली, कारण तो चिचुंद्रीचा होता.

चिचुंद्री एका दगडाआड बसून सभा ऐकत होती. तिला हे काम हवे होते, अगदी मनापासून हवे होते. वर्षानुवर्षे रोज सकाळी तिने या वाटेवरचे खूर ऐकले होते. कोणाचा दम कुठे तुटतो आणि कोण कुठल्या वळणावर घाबरते, हे तिला ठाऊक होते. शर्यत हरली की पाडसे तिच्या बिळापाशी येऊन रडत, तेही तिने ऐकले होते. काहीतरी चुकते आहे आणि ते काय हे आपल्याला कळते आहे, पण आपल्याला कोणी विचारत नाही, हे दुःख तिने फार दिवस गिळले होते.

बगळा म्हणाला, "पात्रता म्हणजे पात्रता. हिला शिंगं नाहीत आणि हिची उडी म्हणजे बोटभर. लहान आहे म्हणून दया करायची, तर मग नियम कशाला ठेवायचे? पाडसांचं नुकसान कोण भरून देणार?"

कोल्हा हसून म्हणाला, "बगळेभाऊ, तुमचं डोकं फार सरळ चालतं. आजवर या जागेवर सगळे शिंगवालेच बसले. बाकीच्या रानानं काय समजायचं? एकदा ही छोटी बसवूया. रानभर आपलं नाव होईल. शिकवायचं काम काय, मागून हा पुतण्या करेलच."

"म्हणजे नावाला एक आणि कामाला दुसरा?" बगळ्याने विचारले.

"असं तोंडावर म्हणायचं नसतं," कोल्हा म्हणाला.

गव्याने एकदा इकडे पाहिले, एकदा तिकडे पाहिले आणि रवंथ करू लागला. त्याला दोघांचेही थोडे पटत होते आणि दोघांचेही थोडे खटकत होते.

चिचुंद्रीच्या अंगाची मात्र लाहीलाही झाली. बगळ्याचा राग तिला कमी आला, कारण तो निदान पाडसांचा विचार करत होता. कोल्ह्याचे बोलणे जास्त लागले. ती दगडाआडून सरळ सभेच्या मध्यभागी आली. बगळ्याने पंखात चोच घातली, वासामुळे.

"गवादादा, दोन शब्द बोलू का?" ती म्हणाली. "बगळेभाऊ मला दारातच अडवतात, कोल्होबा मला शोभेला बसवतात. पण तुला काय येतं, हे दोघांपैकी एकानंही विचारलं नाही. मला दया नको आणि शोभाही नको. एक सकाळ द्या. पाडसं पळू देत, मी ऐकते. मला काही कळलं नाही, तर मी पुन्हा या दगडापलीकडे येणार नाही."

गव्याचे रवंथ थांबले. "हे बरोबर आहे," तो म्हणाला. "उद्या सकाळी दोघांचीही परीक्षा."

दुसऱ्या दिवशी धावशाळेभोवती रान जमले. आधी पुतण्याची पाळी. तो ऐटीत पुढे धावला, पाडसे मागून धावली. त्याची उडी पाहून सगळ्यांनी माना डोलावल्या. "पाडसांविषयी काय सांगशील?" गव्याने विचारले. पुतण्या गोंधळला. तो प्रामाणिक होता. म्हणाला, "मी पुढे होतो, गवादादा. मला ती दिसलीच नाहीत."

मग चिचुंद्री वाटेच्या कडेला पोट जमिनीला टेकवून बसली. पाचही पाडसे तिच्यापुढून धावत गेली आणि परत आली. ती एवढेच म्हणाली, "पुन्हा." तिसऱ्यांदा पाडसे परतली तेव्हा ती उठली.

"पाचही जणांचे तीन पाय नीट पडतात. चौथा, उजवीकडचा मागचा, चोरून पडतो. टेकतो न टेकतो तोच उचलतात. त्यानं कंबर वाकडी होते आणि दम लवकर संपतो. शेवटची पाडी सगळ्यांत लहान, म्हणून तिचा दम तिसऱ्या वळणावरच तुटतो. आपण पाचव्या पाडसावर हरतो ते यामुळे. आता मला सांगा, पाच जणांना एकाच पायात काटा कसा लागेल?"

बगळा चटकन म्हणाला, "काटा कसला? ही आपल्या धावशाळेची लकब आहे. गुरुजींची चाल आहे ती."

तोवर गर्दीत मागे उभे असलेले म्हातारे गुरुजी हळूहळू पुढे आले. त्यांनी उजवा मागचा पाय उचलून दाखवला. खुराच्या फटीत एक जुना, काळा पडलेला व्रण होता.

"चार वर्षांपूर्वी बाभळीचा काटा मोडला होता," ते म्हणाले. "काटा निघाला, पण पाय तेव्हापासून नीट टेकवत नाही. सांगायची लाज वाटली. मला वाटलं, कुणाच्या लक्षात येत नाही." त्यांनी पाय खाली ठेवला. "पोरांनी माझी चाल घेतली, आणि तिच्याबरोबर माझं दुखणंही घेतलं. मी कधी मागे वळून बघितलंच नाही."

पुतण्याने मनातल्या मनात हिशेब जुळवला. तो शिकला होता काटा लागण्याच्या आधी, म्हणून तर त्याचे चारही पाय नीट पडत होते. इतकी वर्षे त्याला वाटत होते की मागची पाडसे आळशी आहेत. त्याची मान खाली गेली.

बगळा हट्टी असला तरी खोटा नव्हता. तो म्हणाला, "माझ्या यादीत हे ऐकण्याचं कुठंच नव्हतं. यादीच अपुरी होती." गव्याने निकाल दिला, "शर्यतीपर्यंत चिचुंद्रीबाई गुरुजी. जिंकलो तर पुढेही."

शर्यतीला एक महिना उरला होता. दुसऱ्या दिवशी सूर्य वर येण्याआधीच पुतण्या बिळाशी हजर झाला. "बाई, मला नेमलं नाही तरी चालेल, पण काम सांगा," तो म्हणाला. चिचुंद्रीने त्याला काम दिले. मात्र पाडसांच्या पुढे नाही, शेजारून धावायचे, म्हणजे पाडसांना चार पाय नीट कसे पडतात हे दिसेल आणि त्याला पाडसे दिसतील. तिने सगळ्यांना नदीकाठच्या ओल्या वाळूवर नेले. वाळूत तीन ठसे खोल उठत आणि चौथा पुसट. पाडसांनी स्वतःचे ठसे पहिल्यांदाच पाहिले आणि ती थक्क झाली.

मग रोज तेच. पाय चोरून पडला की कडेला बसलेली चिचुंद्री 'चूं' करी. पहिल्या आठवड्यात तर सकाळभर नुसती चूंचूं चाले. माकडे फांदीवर बसून नक्कल करत. एके दिवशी ती शेवटची लहान पाडी वाळूतच बसली आणि रडू लागली.

"मला धावताच येत नाही, बाई. माझ्याऐवजी दुसरं कुणी घ्या."

चिचुंद्री तिच्याजवळ गेली. पाडीने वासाने नाक मुरडले नाही, हे चिचुंद्रीच्या लक्षात आले आणि तिला भरून आले. "ऐक बाळ," ती म्हणाली. "तुझे तीन पाय या कळपात सगळ्यांत हलके पडतात. मी डोळ्यांनी नाही सांगत, कानांनी सांगते. चौथा पाय तुझा नव्हताच, तो गुरुजींचा होता. तो त्यांना परत देऊन टाक." पाडी रडता रडता हसली आणि उठली. चौथ्या आठवड्यात चूंचूं थांबली. माकडांना नक्कल करायला काही उरले नाही.

पळस फुलला. डोंगरापलीकडचा कळप कुरण कायमचे आपलेच अशा ऐटीत आला. त्यांच्या म्होरक्याने विचारले, "तुमचे नवे गुरुजी कुठे आहेत?" कोणीतरी दगडाकडे बोट दाखवावे तशी मान वळवली. तिथे चिचुंद्री बसली होती. पाहुणे इतके हसले की त्यांची पाडसेही हसण्यात दमली. गव्याचे कान लाल झाले, पण चिचुंद्री शांत होती. तिने पोट जमिनीला टेकवले.

शर्यत सुटली. तिला धूळही दिसत नव्हती आणि पाडसेही दिसत नव्हती. पण जमीन तिला सगळे सांगत होती. पहिले वळण, दोन्ही कळप बरोबरीत. दुसरे वळण, पाहुण्यांची तीन पाडसे पुढे. जमलेल्यांनी सुस्कारे सोडले, बगळ्याने डोळे मिटले. चौघे-चौघे नदीला पोहोचले. आता मागे दोनच पाडसे उरली, त्यांचे एक आणि आपली ती लहान पाडी. तिसरे वळण आले. हेच ते वळण, जिथे तिचा दम तुटत असे.

चिचुंद्रीने कान रोखले. दोन पाडसांचे खूर एकमेकांत मिसळले होते. तिने त्यातून आपले वेगळे काढले. टप, टप, टप, आणि चौथा. चौथाही तेवढाच भरदार, तेवढाच ठाम. पुन्हा टप, टप, टप, टप. वळण मागे पडले आणि आवाज मंदावण्याऐवजी जलद झाला. रानात दुसऱ्या कोणालाही अजून काही कळले नव्हते, पण चिचुंद्री उठून उभी राहिली आणि म्हणाली, "जिंकलो."

पाडी नदीच्या पाण्यात शिरली तेव्हा पाहुण्यांचे पाचवे पाडस अजून सहा उड्या मागे होते. मग काय विचारता. माकडांनी फांद्या हलवून हलवून फुलांचा खच पाडला, गवा चक्क नाचला आणि पुतण्याने चिचुंद्रीला अलगद शिंगांच्या बेचक्यात बसवून रानभर मिरवले. वासाचा विचार त्या दिवशी कोणाच्या मनातही आला नाही. कोल्हा सगळ्यांना सांगत सुटला, "बिनशिंगवाल्यांना संधी द्या, असं मीच म्हणालो होतो." बगळ्याने त्याच्याकडे नुसते पाहिले, आणि कोल्हा दुसरीकडे सांगायला गेला. बगळ्याने मात्र जुनी यादी नदीत सोडली आणि नवी केली. तिच्यात एकच ओळ होती : ज्याला वाटेल त्याने यावे आणि पाडसांना एक सकाळ शिकवून दाखवावे.

म्हातारे गुरुजी चिचुंद्रीपुढे आले आणि त्यांनी आपली थोरली शिंगे जमिनीला टेकवली. त्या संध्याकाळी कळप नदीकाठच्या कुरणात शिरला. सगळे थांबले, म्हाताऱ्या हरिणीसुद्धा थांबल्या, आणि हिरव्या गवताचा पहिला घास आपल्या पाचांत शेवटी पोहोचलेल्या त्या लहान पाडीने घेतला.

तात्पर्य : शिकवणारा निवडताना त्याची शिंगे मोजू नयेत आणि त्याला शोभेसाठीही बसवू नये, दार सर्वांना उघडे ठेवावे आणि ज्याला काम येते, त्याच्या हाती ते सोपवावे.