जांभळाचा शिरका

"मेस्त, तुम्ही ती चाखली तरी का?"

अच्युत पाटकरने विचारलं, आणि आपला आवाज चढलाय हे त्याचं त्यालाच ऐकू आलं.

इनास मेस्त खिडकीपाशी बसले होते. घाटाच्या पायथ्याच्या त्या व्हिस्कीच्या कारखान्यात कुठल्या पिंपातलं कशात किती मिसळायचं, हे तेच ठरवत. नाव इनास लोबो; पण मालकापासून हमालापर्यंत सगळे त्यांना मेस्त म्हणत, उस्ताद म्हणावं तसं.

"चाखली," मेस्त म्हणाले.

"आणि तरी वृंदाचीच निवडलीत?"

"तिचीच."

पुढचं बोलता येण्यासारखं नव्हतं.

यंदा जांभळाची व्हिस्की काढायची, असं मालकांच्या मनात होतं. मेस्तांनी आपल्या दोन्ही शिष्यांना सांगितलं, आपापली मिसळण करा आणि एकेक बाटली माझ्या टेबलावर ठेवा. मेस्तांच्या मागे त्यांच्या खुर्चीवर कोण, हेही त्यातच ठरणार, असं कुणी म्हटलं नव्हतं. अच्युतच्या डोक्यात मात्र दुसरं काहीच नव्हतं.

उमेदीची सगळी वर्षं त्याने या माणसाच्या हाताखाली काढली होती. सुरुवातीला तर मेस्तांनी त्याला नुसते ग्लास विसळायला लावले. आणि ही वृंदा कुबल, काल-परवा आलेली. तिला आल्या आल्या पिंपापाशी उभं केलं. तिला ते लेकीला म्हणावं तसं 'बाय' म्हणत. अच्युत मात्र नुसता अच्युत.

तेही त्याने गिळलं असतं. पण गेल्या आठवड्यात ती आपली बाटली घेऊन त्याच्याकडेच आली.

"दादा, मेस्तांच्या आधी तुम्ही चाखा ना. काही चुकलं असेल तर सांगा."

त्याने ग्लासात ओतली, जरासं पाणी घातलं, हुंगली, घोट घेतला. आधी नुसतीच व्हिस्की लागली, जुन्या लाकडाच्या वासाची. जांभूळ कुठेच नाही. तो मनातून सुखावला.

मग घोट उतरला... आणि जांभूळ मागून आलं. साल, गर, बीचा तुरटपणा, सगळं. जीभ जांभळी झाली की काय असं वाटावं इतकं खरं.

त्याच्या स्वतःच्या मिसळणीत जांभूळ सरबतासारखं पुढे पुढे करत होतं.

त्याने नाव ठेवायला जागा शोधली. सापडली नाही.

"बरी आहे," एवढंच तो म्हणाला होता.

आणि काल दुपारी, सगळे जेवायला गेल्यावर, त्याने मेस्तांच्या टेबलावरच्या तिच्या बाटलीत जांभळाचा शिरका ओतला. रंग तोच; डोळ्यांना काही कळणार नव्हतं. पण जिभेला लागताच कुणीही थुंकली असती, इतकी आंबट झाली होती.

आज सकाळी मेस्तांनी तीच निवडली.

"पुन्हा एकदा चाखा," अच्युत म्हणाला. "माझ्यासमोर."

मेस्तांनी त्याच्याकडे पाहिलं. मग वृंदाची बाटली पुढे ओढली, ग्लास अर्धा भरला, आणि पाणी प्यावं तसा पिऊन टाकला. भुवईसुद्धा हलली नाही.

नुसतं बघून अच्युतचे दात आंबले.

"मेस्त... तुम्हाला..."

"गेलं," मेस्त म्हणाले. "दिवाळीतल्या तापात. आधी वास गेला, मग चव. आता पेज आणि व्हिस्की मला सारखीच."

"मग इतके महिने तुम्ही..."

"चाखताना तुमची तोंडं बघतो."

अच्युत भलतंच बोलून गेला.

"वृंदाला माहीत आहे हे?"

"नाही. तुलाच सांगतोय."

त्या घटकेलाही त्याच्या पोटात एक लहानसा आनंद हलला. हे तरी तिच्याकडे नव्हतं. आणि लगेच त्याची त्याला शरम वाटली.

"पण मग निवडलीत कशी? तिच्या तोंडावरून?"

"तिला सगळ्यांचंच आवडतं. तुझीही फार आवडली. तिच्या तोंडावरून मला काही कळत नाही."

"मग..."

"काल मी जेवायला गेलो नव्हतो, अच्युत. दारात उभा होतो."

बाहेर कुणीतरी रिकामं पिंप गडगडत नेत होतं.

"मग मला थांबवलं का नाहीत?"

"थांबवलं असतं तर मला कळलं कसं असतं?"

"काय कळलं?"

"वाईट दारू नासवायला कोण जातं?"

अच्युत समोरच्या बाकावर बसला. डोळे वर करायची सोय नव्हती.

"मी जातो, मेस्त. कारखाना सोडून जातो."

"आधी तिला हाक मार. पिंपातलं तिचं शाबूत आहे, त्यातली नवी बाटली भरून आण म्हणावं. जुनी का गेली, तेही सांग."

"तुम्ही सांगा."

मेस्त खिडकीबाहेर बघत राहिले. शेवटी अच्युतनेच दारात जाऊन वृंदाला हाक मारली.

वृंदा नवी बाटली घेऊन आली, नेहमीसारखी हसत.

"जुनीला काय झालं, दादा?"

"तिच्यात शिरका ओतला," अच्युत म्हणाला. "मी. काल."

ती हसायची थांबली. त्याच्याकडे पाहिलं, मेस्तांकडे पाहिलं, पुन्हा त्याच्याकडे पाहिलं. का, असं तिने विचारलं नाही. तिचा खालचा ओठ मात्र थरथरत होता, आणि मेस्त त्या ओठाकडे टक लावून बघत होते.

तिने मेस्तांचा ग्लास भरला. बाटली खाली ठेवली. बराच वेळ ती बाटलीच्या गळ्याला धरून उभी राहिली... मग दुसरा ग्लास घेतला, त्यात ओतली आणि अच्युतपुढे सरकवली.

"चाखा," ती म्हणाली. दादा म्हणाली नाही.

अच्युतने ग्लास उचलला. नाकाशी नेला मात्र, आणि छातीत मत्सराची तीच जळजळ उठली, कालच्याइतकीच ताजी. कबूल करून काडीचीही कमी झालेली नव्हती.

कुणाला दिसू नये म्हणून तो भिंतीकडे वळला आणि त्याने घोट घेतला.

"बोल तुला हवं ते," मागून मेस्त म्हणाले. "पण तोंड इकडे कर."