माळ्यावरचे तीन भाऊ

एक होता राजा. राज्य मोठं, मन मोठं, पण मुकुट रोज हरवायचा. दरबार भरला तरी राजा आपला पलंगाखाली वाकलेला. "इथंच होता की कुठंतरी."

त्याची मुलगी सोनसळी. वय वर्षं दहा, आणि बसायची कुठं, तर बिगरीत. पाच-पाच वर्षांच्या पोरांबरोबर, तेही सहाव्यांदा. पोरं तिला आत्या म्हणायची. या खेपेला गुरुजींनी सांगूनच टाकलं, "सोनसळीबाई, सोमवारी परीक्षा. पास झालात तर पहिली. नाहीतर थोड्या वर्षांनी तुमची खरी भाचरं येतील शेजारी बसायला."

कारण तिच्या भावाचं नुकतंच लग्न झालेलं, बरं का. नवी वहिनी येऊन आठच दिवस झाले होते. ती बोलायची कमी, बघायची फार. नव्या घरात मीठ कुठं, साखर कुठं, कुणी सांगत नाही. बघूनच शिकावं लागतं. तर बघता बघता तिला एक गंमत दिसली.

राणीनं विचारलं, "सोनू, पाटी कुठाय?"

"ठेवलीय कुठंतरी."

झालं. माळ्यावरून एक लांबलचक हिरवा हात आला आणि पाटी घेऊन गेला.

मग राणीनं विचारलं, "अभ्यास कधी?"

"करीन कधीतरी."

निळा हात आला. त्यानं दुपार उचलली, अख्खी. दोनचे एकदम सहा वाजले.

मग राणी म्हणाली, "अगं, वहीत पाढा तरी लिही."

"लिहिते कसंतरी."

पिवळा हात आला आणि आकडे खरवडून घेऊन गेला. वहीत नुसत्या शेपट्या राहिल्या.

वहिनीनं पदर खोचला. "वन्सं, चला माळ्यावर." दहा वर्षांची असली तरी नणंद ती नणंद. अहो-जाहो करावंच लागतं.

माळ्यावर तीन राक्षस. सख्खे भाऊ. कुठंतरी, कधीतरी आणि कसंतरी. खाऊन खाऊन गोल झालेले.

"आमच्या वन्संचं सगळं परत द्या," वहिनी म्हणाली.

थोरला दुखावला. "आम्ही काय चोर आहोत? यांनीच माझं नाव घेतलं. 'ठेवलीय कुठंतरी.' मी म्हटलं, ओ, आलो."

"आणि नाव दुसरंच घेतलं तर?"

मग सोनसळीनं हळूच म्हणून पाहिलं, "पाटी... खुंटीवर." तशी पाटी त्याच्या मांडीखालून सुटली आणि खाली खुंटीला जाऊन लटकली. "पेन्सिल डबीत. पुस्तक कोनाड्यात." तीही गेली. मांडीखाली आणखी बारा मुकुट निघाले. राजाला कुणी काही बोललं नाही.

मग मधला म्हणाला, "माझ्याकडून दुपार घ्यायची तर बोल, अभ्यास कधी?"

"दूध प्यायल्यावर. दिवेलागणीपर्यंत."

त्याच्या पोटातून चार दुपारी बाहेर पडल्या. जरा शिळ्या होत्या, पण चालल्या.

मग धाकटा हसला. "आणि कसं करणार?"

सोनसळीनं वहिनीकडे पाहिलं. वहिनी म्हणाली, "वन्सं, मला पुरणपोळी येत नव्हती. आई म्हणायची, एकच लाट. फुटली तर कुठं फुटली ते बघ. मग पुन्हा तीच लाट."

सोनसळी विचार करून म्हणाली, "एक ओळ लिहीन. झाकीन. म्हणून बघीन. चुकली तर पुन्हा तीच." आणि आकडे टपटप वहीत पडले.

मग तिनं तसंच केलं. चार दुपारी संपल्या. सोमवार उजाडला.

गुरुजी म्हणाले, "साताचा पाढा." सोनसळी निघाली. सात सक बेचाळीस, आणि अडली. दरवर्षी अडली, की तिच्या पोटात दुखायचं आणि गुरुजी घरी पाठवायचे. तिनं पोटावर हात ठेवला. "गुरुजी, पोटात कसं..."

खिडकीत पिवळी बोटं दिसली. मोठ्या आशेनं वळवळत होती.

सोनसळीनं पोटावरचा हात काढला. "पोटात काही नाही गुरुजी. पहिल्यापासून म्हणते."

सात एके सात. सावकाश चालली. सात सक बेचाळीस आलं. तिनं डोळे मिटले, झाकलेली ओळ आठवली. "सात साते एकोणपन्नास." मग थेट सत्तरपर्यंत थांबलीच नाही.

आत्या पहिलीत गेली. बिगरीतली पोरं दोन दिवस रडली. माळ्यावरचे तिघं भाऊ वाळून काडी झाले आणि गाव सोडून गेले. राजाच्या उशाशी वहिनीनं एक खुंटी ठोकून घेतली. सगळी सुखात राहिली, तुम्हीही राहा. आता पाय आत घ्या, पांघरूण ओढा आणि झोपा बघू.