घोरपडीची चढाई

दोन रानांच्या मधल्या तळ्यात एक बेडूक राहत असे. हुतूतूच्या मैदानात त्याने जन्मात पाय टाकला नव्हता, पण हुतूतूतले आपल्याला कळत नाही असे काही उरलेले नाही, अशी त्याची खात्री होती. मुलांनो, अशी मंडळी तुम्हीही पाहिली असतील.

बेडकाचा जीव या खेळात अडकला होता, त्याला कारणही तसेच होते. दर उन्हाळ्यात तळे आटून एका डोहापुरते उरे. तो डोह कोणाचा, यावरून पूर्वी दोन्ही रानांत रक्त सांडत असे. शेवटी जुन्या जाणत्या जनावरांनी ठरवले, की होळी झाली की हुतूतूचा सामना खेळायचा. जे रान जिंकेल त्याने उन्हाळाभर डोहावर यायचे, आणि हरलेल्याने लांब नदीवर जायचे. अलीकडच्या रानातली हरणे आणि ससे पाणी पिऊन निघून जात, त्यांचा बेडकाला काही त्रास नसे. पलीकडे मात्र रानडुकरे होती. ती नुसते पाणी पीत नसत, पाण्यात लोळत. ती जिंकली की थोड्याच दिवसांत डोहाचा चिखल होणार, आणि तापलेल्या वाटेने नदी गाठणे बेडकाच्या ओल्या कातडीला झेपणार नव्हते. खेळणार दुसरेच आणि घर जाणार बेडकाचे, असा सगळा मामला होता.

त्या वर्षी अलीकडच्या संघाचे वस्ताद होते एक म्हातारे अस्वल. चढाईसाठी ते सशाची निवड करणार, हे सगळे धरूनच चालले होते. ससा वाऱ्यासारखा धावे, आणि बेडकाचा तर तो लाडका गडी होता. पण वस्तादांनी सगळ्यांना जमवून सांगितले, "चढाई घोरपड करील," आणि ते आपल्या कामाला निघून गेले.

बेडकाचा तिळपापड झाला. तो उड्या मारत वस्तादांकडे गेला. ते वारूळ उकरत बसले होते.

"वस्ताद, ससा रानातच आहे. कुठे गेलेला नाही," बेडूक म्हणाला.

"मला दिसतो तो."

"मग घोरपड कशाला?"

वस्तादांनी तोंडावरची माती पुसली. "सशाला पाय आहेत, बेडूकराव. पण चार उड्या मारल्या की त्याच्या छातीचा भाता होतो. हुतूतू एका दमात म्हणावा लागतो. घोरपडीचा दम मोठा आहे. आणि एकदा तिने नखं रोवली, की तिला मागं ओढून दाखवावं कोणी."

"ती पोचणार कधी आणि परतणार कधी?"

"परतेल," एवढेच बोलून वस्ताद पुन्हा वारूळ उकरू लागले.

बेडूक फणफणत घरी आला आणि शेजारच्या बिळातल्या खेकड्याला म्हणाला, "साठी बुद्धी नाठी, दुसरं काय. चढाईला घोरपड धाडतोय म्हातारा."

"त्यांनी कारण सांगितलं का?" खेकड्याने विचारले.

"सांगितलं. मला नाही पटलं."

"तुला पटायला हवं, असं कुठं ठरलं होतं?"

"घर माझं जाणार आहे."

"माझंही जाणार आहे," खेकडा म्हणाला. "पण खेळायचं तिला आहे."

सामन्याच्या सकाळी दोन्ही रानांची जनावरे तळ्याकाठच्या कोरड्या पात्रात जमली. पंच म्हणून उंच जांभळीच्या शेंड्यावर गिधाड बसले होते. त्याला दोन्ही रानांतली मेलेली जनावरे सारखीच प्रिय, त्यामुळे त्याच्या निःपक्षपातीपणावर कोणी बोट ठेवत नसे. नियम सोपा होता. चढाई करणाऱ्याने "हुतूतू" म्हणत पलीकडे जायचे, कोणाला तरी शिवायचे, आणि दम न सोडता मधल्या रेषेपर्यंत परत यायचे. पंचाला हुतूतू ऐकू येईनासा झाला की दम तुटला, गडी बाद.

घोरपड सावकाश जाई आणि सावकाश परत येई. तिने एक गडी मारला की बेडूक म्हणे, "ससा असता तर दोन मारले असते." ती रिकामी परतली की तो खेकड्याला म्हणे, "बघ, मी काय सांगत होतो." खरे म्हणजे तिच्यामुळेच अलीकडच्या रानाचे गुण पलीकडच्यांच्या बरोबरीने वाढत होते. बेडकाच्या ते डोळ्यांसमोर होते, पण लक्षात येत नव्हते.

दोन्हीकडचे गुण सारखे झाले आणि शेवटची चढाई घोरपडीची आली. ती पोट घासत आत गेली, सगळ्यांत मोठ्या रानडुकराच्या खुराला शिवली आणि वळली. त्याबरोबर चार रानडुकरे तिच्यावर कोसळली. मधली रेषा हातभर लांब राहिली होती. घोरपडीने पुढची नखे जमिनीत रोवली आणि ढीग अंगावर घेऊन ती तसूतसूने पुढे सरकू लागली.

बेडकाला दिसला तो फक्त ढीग. आपला डोह, आपला गारवा, आपली शेवाळाची गादी, सगळे गेले असे त्याला वाटले. तो गळा फुगवून ओरडला, "सशाला पाठवायचं होतं! सशाला!" बेडकांचे तर ठरलेलेच असते. एकाने सूर लावला की काठावरचे सगळे त्याला साथ देतात. पाहता पाहता सगळा काठ "ससा, ससा" करून डरावू लागला, आणि हरणे, वानरे त्यात सामील झाली.

श्वास घ्यायला बेडूक क्षणभर थांबला. तो रेषेच्या अगदी जवळ बसला होता. त्या क्षणात त्याला ढिगाखालून बारीक, एकसारखा आवाज ऐकू आला, "हुतूतूतूतू." आणि त्याच वेळी घोरपडीचे एक नख रेषेला टेकले.

पण शेंड्यावरच्या गिधाडाने पंख उचलला होता. "हुतूतू ऐकू येत नाही. दम तुटला," त्याने जाहीर केले. गिधाडाचा उचललेला पंख कधी माघारी येत नसे. रानडुकरे नाचत डोहात शिरली.

परतताना सगळ्यांच्या तोंडी एकच विषय होता. "बेडूकराव आधीपासून सांगत होते," हरणे म्हणाली. "वस्तादांनी ऐकायला हवं होतं," वानरे म्हणाली. बेडकाला आयुष्यात इतका मान कधी मिळाला नव्हता. त्याने तो मुकाट्याने घेतला. आपण काय ऐकले ते त्याने खेकड्यालाही सांगितले नाही, आणि त्या दिवसापासून त्याला अन्न गोड लागेना.

डोहाचा चिखल व्हायला फार दिवस लागले नाहीत. पाणी काळे झाले, शेवाळ तुडवले गेले, आणि बेडूक खेकड्याच्या बिळाच्या तोंडाशी, हातभर ओलीत, अंग चोरून राहू लागला. एका संध्याकाळी नदीवर जाता जाता घोरपड त्याच्यापाशी थांबली. हल्ली ती सगळ्यांच्या मागून एकटीच चालत असे. तिच्याबरोबर चालायला कोणी तयार नव्हते.

"बेडूकदादा, तुझं घर माझ्यामुळं गेलं," ती म्हणाली. "त्या गलक्यात मला माझाच आवाज ऐकू येत नव्हता. मला वाटत होतं मी म्हणतेय, पण दम कुठंतरी तुटला असणार. राग धरू नकोस."

बेडकाला तिच्याकडे पाहवेना. तो अगदी हळू म्हणाला, "तुटला नव्हता."

"काय म्हणालास?"

"तुझा दम तुटला नव्हता. मी ऐकला. तुझं नख रेषेला टेकलेलंही मी पाहिलं. पंचाला ऐकू आला नाही, कारण मी ओरडत होतो."

घोरपड रागावली असती तर बेडकाला बरे वाटले असते. पण ती शांतपणे म्हणाली, "दादा, सशाचं नाव तू सगळ्या रानाला ऐकू जाईल असं घेतलंस. आणि हे मला एकटीला कुजबुजून सांगतोयस." एवढे बोलून ती वाटेला लागली.

बेडकाने पुढे जाणाऱ्या रांगेकडे पाहिले. हरणांची पाडसे तहानेने रडवेली झाली होती. आता बोललो तर आपल्याला पुन्हा कोणी शहाणा म्हणणार नाही, हे त्याला स्पष्ट दिसत होते. तो ओलीतून बाहेर आला, कोरड्या काठावर चढला, आणि त्याने होता नव्हता तेवढा गळा फुगवला.

"ऐका," तो ओरडला, "घोरपडीचा दम तुटला नव्हता. सामना तिने जिंकला होता. तो मी घालवला, माझ्या आवाजाने."

रांग थांबली. कोणी बेडकाला बोल लावला नाही, आणि कोणी त्याचे समाधानही केले नाही. डोह तर रानडुकरांचाच राहिला. पण सगळ्यांत पुढचे हरीण वाटेच्या कडेला उभे राहिले, त्याच्यामागची वानरेही थांबली, आणि मागून सावकाश येणारी घोरपड त्यांच्यापर्यंत पोचेपर्यंत त्या तहानलेल्या रांगेतले कोणीही पुढे गेले नाही.

तात्पर्य : आपला गडी कोण, हे ठरवणे आपल्या हाती नसते, पण तो मैदानात उतरल्यावर त्याचा आवाज आपण बुडवू नये, आणि बुडवलाच, तर तो त्याचा त्याला चारचौघांत परत द्यावा.