माळावरचे गाव

मुलांनो, दुसऱ्याच्या अंगणात तुम्ही कधी खेळघर मांडले आहे का? मांडले असेल, तर हे घर नक्की कोणाचे, असा प्रश्न तेव्हा तुमच्या मनात आला होता का? बहुतेक आला नसेल. खेळ रंगलेला असताना असे प्रश्न कोणाला सुचतात? एका खारीलाही तो सुचला नव्हता. तिचीच ही गोष्ट.

एका दाट जंगलाच्या मधोमध एक मोकळा माळ होता. तो माळ एका म्हाताऱ्या अस्वलाचा होता. तरुणपणी अस्वलाने तिथली काटेरी झुडपे उपटली, दगड कडेला लोटले आणि जमीन सारखी केली. मग त्याने सगळ्या जंगलाला सांगितले, "या रे, खेळा. एवढ्या मोठ्या माळाचं मी एकटा काय करू?" तेव्हापासून सकाळ झाली की प्राणी तिथे गोळा होत. माकडांनी वेलींचे झोके बांधले. सशांनी लपंडावासाठी भुयारे खणली. ज्याला जे सुचेल ते त्याने करावे आणि दुसऱ्याने ते पाहून खूश व्हावे, असा तो माळ होता.

माळावर जाण्याची वाट करवंदीच्या दोन जाळ्यांमधून होती. वाटेच्या तोंडाशी ओल्या मातीचा एक ओटा होता. आत जाणाऱ्याने त्या मातीवर पावलाचा ठसा उमटवायचा, अशी तिथली रीत होती. ठसा उमटत असताना वरच्या फांदीवर बसलेला पोपट माळाचा नियम म्हणून दाखवी :

"पाऊल टाका, ठसा द्या,
खेळा, नाचा, घरी जा.
माळावरती जे जे राही,
ते माळाचे, तुमचे नाही."

ठसा उमटवला म्हणजे नियम मान्य केला, असे ठरलेले होते. पण नियम ऐकायला थांबतो कोण? आतून झोक्यांचा आवाज येत असे, हसणे ऐकू येत असे. "हो रे बाबा, हो," असे म्हणत जो तो ठसा देऊन आत पळे. पुढे पुढे तर पिल्लांनी त्या नियमाचे उड्या मारायचे गाणेच करून टाकले. 'पाऊल टाका' म्हटले की एक उडी, 'ठसा द्या' म्हटले की दुसरी, आणि 'तुमचे नाही' आले की गिरकी. साऱ्या जंगलाला त्या ओळी तोंडपाठ झाल्या. त्यांचा अर्थ मात्र कोणीच मनात घेतला नाही.

या माळाच्या एका कोपऱ्यात खारीने एक गाव वसवले होते. चिमुकले, पण अगदी गावासारखे गाव. चिकणमातीच्या भिंती, करंजाच्या टरफलांची छपरे, चिंचोके ठोकून केलेली चकचकीत वाट. मधोमध एक विहीर होती, आणि तिच्यावर दोऱ्याएवढ्या वेलीचा रहाटही होता.

हे गाव तिने एकटीने वसवलेले नव्हते. दर वर्षी थंडी सुरू झाली की उत्तरेकडून एक धोबी पक्षी येई. सतत शेपटी खालीवर हलवणारा, जरा घाईत असल्यासारखा वाटणारा. एकदा ओट्यावर ठसा देऊन माळावर आला असताना त्याने खारीची पहिली भिंत पाहिली आणि म्हणाला, "वाकडी आहे."

"मग सरळ करून दाखव!" खार म्हणाली.

त्याने दाखवली. तिथून त्यांची मैत्री जडली. धोबी नदीवरून रंगीत खडे आणि गोगलगाईंचे शंख आणी, खार माती मळी. उन्हाळा लागला की तो उडून जाई. जाताना विचारी, "पुढच्या थंडीत भेटायचं कुठे?" आणि खार म्हणे, "हा काय प्रश्न झाला? गावातच की!" खारीचे झाड कोणते हे धोब्याला ठाऊक नव्हते. धोब्याचा देश कुठे हे खारीला ठाऊक नव्हते. त्या गावाखेरीज दोघांना एकमेकांचा दुसरा पत्ता नव्हता.

पावसाळ्यात खार साऱ्या गावावर पळसाची पाने अंथरी आणि त्यांवर काटक्या ठेवी. पाऊस सरला की खचलेल्या भिंती पुन्हा लिंपी. लांबलांबच्या रानांतून प्राणी ते गाव पाहायला येऊ लागले.

"खारूताई, तुझ्या गावात मला एखादी खोली मिळेल का गं?" ससा तिला नेहमी चिडवी.

"तुझे कान मावतील एवढं घर अजून बांधलं नाही, ससेभाऊ," खार म्हणे. "तू कान घरी ठेवून ये, मग बघू."

असे दिवस चालले होते. पण अस्वल आता थकले होते. त्याचे गुडघे दुखत, नजर मंदावली होती. पलीकडच्या डोंगरात एक लांडगा राहत असे. त्याच्या मालकीची एक उबदार गुहा होती, आणि गुहेच्या कड्याला मधाची पोळी लोंबत होती. लांडग्याला मधाचे काय? तो एकदा माळावर आला, पाहुण्यांची गर्दी त्याने पाहिली, खारीच्या गावाभोवती उभे असलेले प्राणी पाहिले, आणि अस्वलाला म्हणाला, "आजोबा, माझी गुहा तुम्ही घ्या. हा माळ मला द्या. जसा आहे तसा, त्यावर जे आहे त्यासकट."

अस्वलाने हो म्हटले. निघताना सगळे त्याला निरोप द्यायला जमले. खार पुढे झाली.

"अस्वलआजोबा, माझ्या गावाचं काय?"

"काय म्हणजे? ते तुझंच आहे की!" अस्वल हसून म्हणाले. "मी कधी त्याला हात तरी लावला का?"

"नाही लावलात."

"मग झालं तर! आणि लांडगा चांगला बोलतो हो. म्हणतो, काही बदलणार नाही. घाबरू नकोस, बाळ."

खारीला बरे वाटले. अस्वल डोंगराकडे निघून गेले.

सुरुवातीला खरोखरच काही बदलले नाही. तोच ओटा, तोच पोपट, तेच गाणे. लांडगा सगळ्यांशी गोड बोले. फक्त पाहुणे आले की तो म्हणे, "या, माझं गाव पाहा." ते ऐकून खारीच्या मनात काहीतरी टोचे. पण ती स्वतःची समजूत घाली, "म्हणेना का. गाव जागेवर आहे ना? थंडी आली की धोबी येईल, तो काय लांडग्याला शोधणार आहे?"

पावसाळा सरत आला. खारीने पळसाची पाने काढली आणि भिंती लिंपायला घेतल्या. तेवढ्यात लांडगा तिथे आला. त्याच्याबरोबर दोन रानडुकरे होती. ती माळ हुंगत, पावलांनी मोजत फिरत होती.

"कशाला लिंपतेस?" लांडगा शांतपणे म्हणाला. "गाव पाहायला आता पूर्वीसारखी गर्दी होत नाही. इथे मी रानडुकरांच्या कुस्त्या ठेवणार आहे. चिखल करावा लागेल."

खारीच्या हातातली माती गळून पडली. "पण लांडगेदादा, हे गाव माझं आहे. मी आणि धोब्यानं केलंय ते."

"केलंत खरं. छान केलंत," लांडगा म्हणाला. "पण कुठे केलंत?"

"माळावर."

"आणि माळाचा नियम काय आहे? रोज ऐकतेस ना? म्हण बघू तूच."

खारीने तोंड उघडले. ओळी तिला पाठ होत्या, पण त्या उडीशिवाय तिला आठवेनात. म्हणून तिने नकळत एक उडी मारली. "पाऊल टाका..." मग दुसरी उडी. "ठसा द्या... खेळा, नाचा, घरी जा... माळावरती जे जे राही..." आणि इथे तिची गिरकी अर्ध्यावरच थांबली. "ते माळाचे... तुमचे नाही," ती हळूच म्हणाली. इतकी वर्षे ज्या ओळीवर ती नाचली होती, ती ओळ तिने त्या दिवशी पहिल्यांदा ऐकली.

"मी काही चोरी करत नाही हो," लांडगा म्हणाला. "ठसा तुझाच आहे. त्या धोब्याचाही आहे."

खारीने वर फांदीकडे पाहिले. पोपट मान खाली घालून बसला होता. "मी रोज म्हणत होतो गं," तो पुटपुटला. "तुम्ही सगळे माझ्याबरोबर गात होता. मला वाटलं, तुम्हाला कळतंय."

खार तशीच धावत डोंगरावर गेली. अस्वल गुहेच्या तोंडाशी उन्हात बसले होते. त्याच्या पंजाला मध लागलेला होता. खारीने सगळे सांगितले. ऐकता ऐकता अस्वलाचा पंजा तोंडापाशीच थांबला.

"अगं, तो नियम मी कशासाठी केला होता, माहीत आहे का?" ते म्हणाले. "एक साळिंदर होतं. ते आपले काटे माळावर टाकून जायचं आणि दुसऱ्या कोणी उचलले की भांडायला यायचं. रोजची कटकट. म्हणून मी म्हटलं, जे राहील ते माळाचं. तेव्हा तुझं गाव कुठे होतं? नंतर तू ते बांधलंस, मी कौतुकानं पाहत राहिलो. नियम बदलायला हवा, हे डोक्यातच आलं नाही. मी असताना कशाला लागतोय नियम, असं वाटायचं."

"मग आता सांगा ना त्याला! तुमचं ऐकेल तो."

अस्वलाने मान हलवली. "कोण म्हणून सांगू, बाळ? माळ माझा राहिला नाही. मी तुला 'ते तुझंच' म्हणालो होतो, तेव्हाच तो माझा राहिला नव्हता. ते मी कोणत्या तोंडानं म्हणालो, देव जाणे."

त्याचे डोळे भरून आले. पण त्या डोळ्यांतल्या पाण्याने खारीचे गाव वाचणार नव्हते, हे दोघांनाही कळत होते.

खार परत आली तेव्हा सारे प्राणी माळाच्या कडेला उभे होते. माकडांचे झोके उतरवून एका बाजूला टाकलेले होते, आणि माकडांना ते उचलायची परवानगी नव्हती. खार लांडग्यापुढे हात जोडून उभी राहिली.

"निदान थंडी येईपर्यंत थांबा. माझा मित्र येईल. त्याला मी कुठे आहे ते सांगते, मग काय हवं ते करा."

"कुस्त्या ठरल्या आहेत," लांडगा म्हणाला.

"मग त्यानं आणलेला एक शंख तरी नेऊ द्या. विहिरीवरचा."

"एक तुला दिला की उद्या माकडं झोके मागतील, ससे भुयारं मागतील." लांडगा जरा हसला. "भुयारं कशी देऊ मी उचलून?"

कोणीच हसले नाही. लांडग्याने मान डोलावली आणि रानडुकरे आत शिरली. त्यांचा राग कोणावरच नव्हता. ती नुसती उकरत गेली. करंजाची छपरे मोडल्याचा आवाज आला, तोही फार मोठा नव्हता. संध्याकाळपर्यंत तिथे ओढ्याचे पाणी सोडून झाले होते.

ससा खारीजवळ येऊन बसला. मग तो म्हणाला, "खारूताई, तुझ्या झाडाखाली जागा आहे ना? ती तर तुझी आहे. तिथे नवं गाव कर. माती मी आणून देतो."

"धोब्याला ते झाड माहीत नाही, ससेभाऊ."

"तो यायच्या आधी आपण माळाच्या कडेला जाऊन बसू. अजून गवत हिरवं आहे. गवत पिवळं पडल्यावर येतो ना तो?"

"हो," खार म्हणाली. "पिवळं पडल्यावरच येतो." तिला तेवढाच धीर आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी, खार आपल्या झाडाच्या दाट सावलीत नव्या गावाची पहिली भिंत बांधत असताना, धोबी पक्षी त्या वर्षी लवकर आला. त्याने माळावर दोन घिरट्या घातल्या, खाली नुसता चिखल पाहिला, आणि तो आपल्या थव्यामागून दक्षिणेकडे निघून गेला.

तात्पर्य : दुसऱ्याच्या जागेत जीव ओतण्याआधी आपण कशाला होकार देत आहोत ते नीट समजून घ्यावे, कारण मालकाचा चांगुलपणा मालकाबरोबर निघून जातो, आपला होकार मात्र मागे राहतो.