हाताला आलेलं मूल

"पण लाट आली तेव्हा तुझ्या आईनं आधी काय उचललं, एमा?"

हातातल्या अर्धचंद्री सुरीनं फेक्ला एमानं सॅमन माशाच्या पोटावरून एक रेघ ओढली.

एमा म्हणजे अलुटिक भाषेत आजी. गावात ती सगळ्यांचीच.

अलास्काच्या किनाऱ्यावरचं हे गाव. इथे रस्ता येत नाही. यायचं ते होडीनं, नाहीतर छोट्या विमानानं. साठ वर्षांपूर्वी भूकंप झाला, समुद्र मागे सरला आणि भिंतीसारखा परत आला. जुनं गाव गेलं. एमा तेव्हा सहा वर्षांची होती.

पराशा उत्तराची वाट बघत राहिली. शहरात शिकून परत आलेली, आता गावच्या शाळेत शिकवणारी. तिचा दहा महिन्यांचा इल्या शेजारच्या खोक्यात बसून सुक्या माशाची शेपटी चघळत होता. तो झाल्यापासून तिला समुद्राकडे बघवत नसे. आईपणावरची तीन जाडजूड पुस्तकं तिनं वाचली होती. तिन्हीत मिळून लाटेबद्दल एक ओळ नव्हती.

"मी पिशवी भरून ठेवलीय," ती म्हणाली. "दाराशीच. दूध, कपडे, विजेरी. आणि इल्याला घेऊन टेकडीवर जायला पाच मिनिटं चाळीस सेकंद लागतात."

"हं."

"दर बुधवारी लाटेच्या इशाऱ्याचा भोंगा वाजवून बघतात ना, तेव्हा पळते मी. घड्याळ लावून."

पलीकडे लाकडं फोडत बसलेला गाव्रिल हसला.

"बघतो आम्ही. सगळं गाव जेवण सोडून खिडकीत येतं. लाटेला निरोप धाडू का? म्हणावं, जरा दम धर, बाई बुटाच्या नाड्या बांधतायत."

"हसा काका. वाहून जाल तेव्हा कळेल."

"मला नाही नेत ती. एकदा आली होती, मला न घेताच गेली."

एमा हसली नाही.

"आणखी कुणाला घेऊन?"

"काय?"

"टेकडीवर. आणखी कुणाला घेऊन जातेस?"

पराशा गोंधळली. "मला हात दोनच आहेत, एमा."

"हो... दोन आहेत."

सुरी थांबली.

"माझ्या आईनं याला उचललं." एमानं हनुवटीनं गाव्रिलकडे दाखवलं. "शेजारचं पोर. दारात रांगत होतं. हाताला आलं."

"उलटं धरून नेलं," गाव्रिल म्हणाला. "म्हणून डोकं हे असं."

"आणि तू, एमा?"

"मी किनाऱ्यावर शिंपल्या वेचत होते. कुठे आहे ते आईला माहीत नव्हतं. मला म्हाताऱ्या वासिलीनं उचललं. जाळं लावायच्या जागेवरून दोन वर्षं तो माझ्या बापाशी बोलत नव्हता. टेकडीवर पोचेपर्यंत मला शिव्या देत होता, लाथा मारू नकोस म्हणून. माझा एक बूट गेला त्यात."

"मग वर?"

"वर काय... ज्याचं त्याला दिलं. अंधार पडेपर्यंत तेच चाललं होतं."

"सगळी मुलं होती?"

"सगळी."

पराशानं श्वास सोडला.

"याची आई नव्हती," एमा म्हणाली. "मार्फा. याला शोधायला ती परत खाली गेली... हा वर होता."

गाव्रिलनं एक लाकूड उचललं, उलटसुलट करून पाहिलं आणि न फोडताच ढिगावर ठेवलं.

इल्यानं शेपटी खोक्यावर आपटली.

"एमा..." पराशानं हळूच विचारलं, "तुला कुणीच उचललं नसतं तर?"

एमानं कापलेल्या माशांचं घमेलं तिच्या हातात दिलं.

"जा. टांगून ये."

मासे धुरावर सुकवायच्या खोपटीत पराशाचे डोळे चुरचुरले. धुरानंच, असं तिनं स्वतःला सांगितलं. दोन फाका केलेला, पण शेपटीशी जोडलेलाच ठेवलेला एकेक मासा तिनं काठीवर टाकला. एक फाक अलीकडे, एक पलीकडे.

ती बाहेर आली. खोकं रिकामं होतं.

आणि भोंगा वाजला.

"इल्या कुठाय?"

"शेजारची निना घेऊन गेली," एमा म्हणाली. "होड्या दाखवायला."

पराशा किनाऱ्याकडे धावली. तीन पावलं गेली असेल. खवलं चिकटलेला गार हात तिच्या मनगटावर पडला.

"खाली नाही."

"एमा, तो खाली आहे!"

"म्हणून वर जा."

"नुसता बुधवारचा सराव आहे हा, मलाही कळतं, पण..."

"सराव आहे म्हणून सांगतेय."

एमानं हात सोडला.

पराशा उभी राहिली. पाय खाली ओढत होते. भोंगा थांबायचं नाव घेत नव्हता.

टेकडीच्या वाटेवर, निनाच्या दारात, तिची तीन वर्षांची मुलगी ओल्गा उभी होती. अनवाणी. दोन्ही कानांवर हात, तोंड उघडं, आवाज नाही.

पराशानं एकदा समुद्राकडे पाहिलं.

मग वाकून तिनं ओल्गाला उचललं.

टेकडीवर त्या दोघीच पहिल्या पोचल्या. पिशवी दाराशीच राहिली होती. ओल्गानं तिच्या गळ्याला अशी काही मिठी मारली होती की श्वास घेता येईना. खाली छपरं होती, चर्चचा निळा घुमट होता, पाणी होतं. पाणी जागच्या जागी होतं. पराशा त्याच्यावर डोळा ठेवून उभी राहिली, जणू तिनं नजर हटवली की ते निघणार.

भोंगा थांबला.

वाटेच्या वळणावर आधी हसू ऐकू आलं, मग निना दिसली. कडेवर इल्या. सावकाश येत होती.

"अगं, केवढा जड झालाय हा!" ती खालूनच ओरडली. "काय खायला घालतेस? दगड?"

तिच्या मागून गाव्रिलच्या खांद्यावर हात ठेवून एमा चढत होती. चार पावलं की थांबायची.

पराशाचे हात आपोआप पुढे निघाले. पण त्यात ओल्गा होती.

"किती लागले आज?" गाव्रिलनं विचारलं.

"घड्याळ..." पराशा म्हणाली. "लावलंच नाही."

या खेपेला गाव्रिल हसला नाही. त्यानं टोपी काढून कपाळ पुसलं आणि समुद्राकडे तोंड करून उभा राहिला.

इल्या आईला बघून झेपावू लागला. पराशा ओल्गाला खाली ठेवायला वाकली.

धापा टाकत एमा पुढे आली. तिनं ओल्गाचं एक पाऊल आपल्या तळहातावर घेतलं आणि दुसऱ्या हातानं झाकलं.

"राहू दे त्याला तिथंच," ती म्हणाली. "हिचे पाय गार पडलेत बघ."